डाव्या बाजूचे ठोके

स्कॅनच्या खोलीबाहेर मास्तरीणबाई आपल्या नंबराची वाट पाहत होत्या. शेजारी एक नणंद-भावजय एकाच फोनमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. भावजयीचा नवरा आत होता; फोन त्याचाच.

“वहिनी, दादाच्या त्या तालावर बोटं मारायच्या गेममध्ये ही असली गाणी कुठून आली?”

“मी हातही लावला नाही. गेमच सुचवतो ना नवी गाणी?”

“सुचवतो, पण आपला खेळ बघून. ज्यात बोट सारखं चुकतं, तसली गाणी टाळतो. म्हणजे खेळणारा वैतागत नाही.”

“मग?”

“यात डाव्या हाताला ठोकेच नाहीत.”

“चार दिवस झाले, बोटं बधिर आहेत त्याची. म्हणून असेल.”

“चार दिवस कुठले? या गाण्यांची तारीख बघ. तीन महिने झाले.”

“मला म्हणाला, हातावर झोपलो होतो.”

“आणि तुला पटलं?”

“तू तर रोज खेळायचीस त्याच्याबरोबर.”

“मला वाटलं, मुद्दाम जिंकू देतोय.”

आत यंत्राचे ठोके चालूच होते. भावजय मास्तरीणबाईंकडे वळली.

“काकू, पेन आहे का? फॉर्मवर मी चार दिवस लिहिलंय.”