थूल हवालदारांची अट

आनंदाबाई : तोंड काऊन पाहून राह्यले, हवालदार? बांधा ना तिले. दहा दिवस झाले, आमच्या घरात कोनाच्या डोयाले डोया नाई.

चंद्रभान : बांधतो, माय. जुली, बैठ. ...पाह्यलं? बैठली. आता सांगा. कोनाले चावली?

आनंदाबाई : पोस्टकार्डात लिहिलं होतं ना सारं! माह्या नातीले. हे गुड्डी. दोन वर्साचं लेकरू, हवालदार, अन् दंडाचा लचका तोडला. सूनबाई, सरकव तिची बाही.

कुंदा : आई, आत्ता कुठं ती गप्प झालीये. वर्ध्यापासून नाचणगावपर्यंत रडत आली. कशाला पुन्हा...

चंद्रभान : ताई, पाहा लागन मले. कुत्रं मी देल्लं तुमाले. इकडं ये वं बाई. नाई, दुखवत नाई. हां. ...हां.

आनंदाबाई : पाह्यलं?

चंद्रभान : पाह्यलं.

आनंदाबाई : मंग? लोकं म्हनते, थूल हवालदाराचं कुत्रं म्हंजे पलटनीतलं कुत्रं, लेकराच्या तोंडातला घास काढला तरी गुरकावत नाई. इस्टेशनवर चाळीस रुपयात भेटत होतं. पन हे आमची बी.ए. झालेली सून. जनावराच्या डॉक्टरले विचारलं, इकडं पत्र, तिकडं पत्र. तुमच्याकडं तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेनंतर तुमीच आमच्या घरी आले अन् आमचीच परीक्षा घेतली. कंपाउंड किती उंच, पोट्टी किती मोठी, घरात कोन कोनावर वरडते. मी म्हटलं, कुत्रं घेऊन राह्यलो का सोयरीक करून राह्यलो?

चंद्रभान : सोयरीकच असते, माय. कुत्रं कुठं माहेरी पयून जाते?

आनंदाबाई : घ्या. हसून राह्यले अजून.

चंद्रभान : हसत नाई. मी तवाच सांगतलं होतं, दोघीयले. चौऱ्याऐंशी सालचा पोयाचा सन होता. माहं कुत्रं दुसऱ्याले देऊ नका, इकू नका, रस्त्यावर सोडू नका. नाई जमलं त मलेच आनून द्या. अन् लेकराले चावलं त?

आनंदाबाई : त ते तुमच्या अंगनात जितं राह्यत नाई. तेच आयकाले आलो.

चंद्रभान : ताई, तुमाले याद हाय?

कुंदा : आहे.

चंद्रभान : चावली तवा घरात कोन होतं?

कुंदा : मी. आई शेजारी गेल्या होत्या. म्हणजे शेजार तसा लांबच आहे. सावंगी रस्त्याचा लेआउट तुम्ही पाहिलाय, मधे चार प्लॉट रिकामे आहेत. हे सिरोंच्याला असतात, महिन्यातून एकदा येतात. म्हणून तर जुली घेतली होती.

चंद्रभान : ते मले मालूम हाय. मी इचारलं, कोन होतं.

कुंदा : मी होते. फक्त मी.

चंद्रभान : डॉक्टरनं पाह्यलं?

आनंदाबाई : लांबूनच. पोट्टी थयथयाट करे, हात लावू देईना. टिंक्चर लावलं त सारा दंड तांबडा झाला. कुत्र्याचं सुयांचं कार्ड दाखवलं. डॉक्टर म्हने, दहा दिवस बांधून ठेवा. कुत्रं जगलं त पोटात चौदा सुया नाई घ्या लागत. काल दहावा झाला. जगलं. आता तुमी तुमचं काम करा.

चंद्रभान : माय, लेकराचे ओठ सुकले. आत भागीरथा हाय, माह्यी घरवाली. माठाचं पानी पाजा तिले.

आनंदाबाई : नाई नाई. पानी हाय ना आमच्यापाशी. वॉटरबॅग रिक्षात राह्यली.

चंद्रभान : माह्या घरचं कुत्रं चाललं, माय. पानी नाई चालत.

आनंदाबाई : तसं काई नाई, हवालदार. पोट्टीले बाहेरचं पानी बाधते. आन इकडं, कुंदा, तिले मी घेऊन जातो. तू थांब अन् काय लिहाचं ते लिहून दे. सही नीट करजो, इंग्रजीत नको करू.

चंद्रभान : ...गेल्या. आता बोला, ताई.

कुंदा : काय बोलू?

चंद्रभान : हे दात कोनाचे हायत?

कुंदा : सांगितलं ना काका.

चंद्रभान : काका नाई. हवालदार. अठरा साल पलटनीत मी कुत्र्याचेच दात पाह्यले, ताई. कुत्रं चावलं त सुळे भोक पाडते. दोन वर, दोन खाली. अन् ओढलं त चिरते. तुमच्या पोरीच्या दंडावर दाताची बांगडी हाय. अर्धी वर, अर्धी खाली. खपल्या निघाल्या तरी मोजता येते. सारे समोरचे दात हायत.

कुंदा : शेजारचा एक मुलगा...

चंद्रभान : मधे चार प्लॉट खाली हायत म्हटलं ना तुमी? अन् लेकराच्या दाताचा घेरा एवढाल्ला नसते. तोंड उघडा.

कुंदा : काय?

चंद्रभान : तोंड उघडा म्हटलं. कुत्र्याचं त मी रोजच पाह्यतो.

कुंदा : तुम्ही माझ्याशी असं बोलू नका.

चंद्रभान : बरं. मंग हे जुली तुमच्या पायापाशी येऊन बसली हाय, तिच्या डोक्यावर हात ठेवा अन् सांगा, हिनं चावलं. ...नाई ठेवत?

कुंदा : दुपार होती. गुड्डी दोन तास रडत होती. कशासाठी, कळेना. भात केला, फेकला. दूध दिलं, सांडलं. मी उचलून घेतलं तर माझ्या खांद्याला चावली. कडकडून. लहानपणी आम्ही चावलो की आमची आई उलट चावायची. एकदाच, हलकं. कसं लागतं ते कळावं म्हणून. आमच्याकडे सगळ्याच बाया तसं करतात, काही वेगळं नाही त्यात. मी तेवढंच करायला गेले.

चंद्रभान : अन्?

कुंदा : मग मला सोडता येईना.

चंद्रभान : जुली कुठं होती?

कुंदा : तिनं माझा पदर धरला. मागं ओढलं. फाटला पदर, तेव्हा मी... तेव्हा मला दिसलं काय केलंय ते. मग ती गुड्डीच्या आणि माझ्या मधे येऊन उभी राहिली. गुरगुरली नाही. नुसती उभी राहिली. तेवढ्यात आई आल्या. फाटका पदर, रक्त, मधे कुत्रं. आईच म्हणाल्या, हिनं चावलं. मी फक्त नाही म्हटलं नाही.

चंद्रभान : वा. शिकलेल्या बाईचं खोटंही साफसुथरं असते. म्या नाई म्हटलं, सासूनं म्हटलं.

कुंदा : तुम्हाला माहीत नाही. गुड्डी झाली तेव्हा मला झोप येत नव्हती. तिला कुणी हात लावला तर मी ओरडायचे. सगळे म्हणाले, बाळंतवात झाला. अकरा दिवसांची पोर माझ्या कुशीतून काढून आईंनी त्यांच्या माहेरी नेली, कारंज्याला. मला नागपूरला पाठवलं. अडीच महिने. माझं दूध आटलं, तेव्हा पोर परत दिली. हे जर आता कळलं ना, तर ते मला कधीच...

चंद्रभान : कधीच देनार नाई.

कुंदा : हो.

चंद्रभान : देऊ बी नये कदाचित.

कुंदा : असं बोलू नका हो. पुन्हा कधी झालं नाही तसं. मी दहा दिवस तिला नीट हातसुद्धा लावला नाही, भीतीनं. सगळं लक्ष ठेवून असते. स्वतःवरही. तुम्ही जुलीला ठेवून घ्या. आईंना सांगा, संपवली. तुमच्या मागच्या वाड्यात एक कुत्रं जास्त, कुणाला कळणार? नाहीतर नागपूरला माझ्या भावाकडे...

चंद्रभान : मोती, ब्राऊनी, सारे हायत मागं. एकाले भाकर जड नाई मले. पन मारली असं खोटं मी सांगू काय? अन् कोनी पाह्यली त? तुमच्या सासूनं साऱ्या वर्ध्यात सांगतलं, हवालदाराच्या कुत्र्यानं नात फाडली. जुलीच्याच वेताचे चार कुत्रे हायत, चार घरात. चारी घरात लेकरं हायत. आर्वीच्या प्रमिलाबाईचा सांगावा आला, आमचा शेरू बांधला, पोट्टे जवळ जाऊ देत नाई, घेऊन जा. देवळीवाला म्हनते, भाकरीत काहीतरी घालतो. आता ते सारे पाहून राह्यले, हवालदार आपला शब्द पाळते का नाई. पाळला त म्हनतीन, एक खराब निघालं, त्यानं काढून टाकलं, आपलं चांगलं हाय. नाई पाळला त चारी मरतीन.

कुंदा : मग तुम्हीच सांगा ना त्यांना, की दात कुत्र्याचे नाहीत.

चंद्रभान : अन् कोनाचे हायत म्हनू? नाव सांगा लागन. सांगू?

कुंदा : नको.

चंद्रभान : मंग तुमी सांगा. आता येतीन सासू, त्याहिच्या तोंडावर सांगा. एक वाक्य हाय. जुली जगन, तिची भावंडंबी जगतीन. नाईतर तिची माय, ब्राऊनी, तिचंबी वेत मले बंद करा लागन. अन् नाई सांगतलं त तुमी म्हनसान तेच मी जुलीच्या कार्डावर लिहीन. खाली सही तुमची. ते खोटं तुमचं. मी माह्या हातानं आजवर एकाबी कार्डावर खोटं लिहिलं नाई. तुमी माह्याकडं त्यासाठीच आल्या होत्या.

कुंदा : तुम्हाला तिची दया येत नाही?

चंद्रभान : पन्नासाव्या दिवशी ब्राऊनीच्या पोटाखालून काढून तुमच्या ओटीत टाकली मी. माह्या दयेचं तुमाले काय करा लागते? तुमची काढा.

कुंदा : आल्या त्या.

आनंदाबाई : झालं का लिहून? रिक्षावाला बोंबलून राह्यला. पोट्टी पानी प्याली त हसाले लागली. पाहा, कुत्र्याकडंच हात करते मेली. म्हनते, जू, जू.

चंद्रभान : माय, लिहाच्या आधी एकदा इचारा लागते. तुमच्या समोर. तसा कायदा हाय माहा. कुंदाताई, तुमच्या पोरीले कोन चावलं?

आनंदाबाई : आता हे काय? तिले काऊन इचारता?

चंद्रभान : घरात त्याच होत्या. बोला ताई. मी दुसऱ्यांदा इचारनार नाई.

आनंदाबाई : बोल ना वं! तोंडात काय घातलं? ...कुंदा? कुत्र्याकडं काऊन पाहून राह्यली? हवालदार, हे अशीच करे हो बाळंतपनात. तवाबी नुसती पाह्यत राहे.

कुंदा : जुली चावली.

आनंदाबाई : घ्या.

चंद्रभान : पुरं बोला. लिहाले लागते.

कुंदा : सात एप्रिलला दुपारी दोन वाजता, जुली माझ्या मुलीला डाव्या दंडाला चावली.

चंद्रभान : काई कारन? कोनी मारलं, डिवचलं?

कुंदा : काही कारण नव्हतं.

चंद्रभान : इथं सही करा. ...पुलगावचे जनावराचे डॉक्टर चार वाजता येते. तुमचं पोस्टकार्ड आलं तवाच मी त्याहिले सांगून ठेवलं होतं. माय, तुमी लेकराले घेऊन रिक्षात बसा. ताई थांबतीन.

आनंदाबाई : तिचं काय काम?

चंद्रभान : ज्याच्या घरचं कुत्रं, त्यानं धरा लागते. मी धरलं त तिले वाटन, सुई नेहमीचीच हाय, पुढच्या सालासाठी. मले तिले फसवाचं नाई.

आनंदाबाई : आन् हिनं धरलं त काय वाटन?

चंद्रभान : ते ताईले पाहू द्या.

(चार वाजून गेले आहेत. डॉक्टर येऊन गेले.)

आनंदाबाई : झालं? किती वेळ! म्या म्हटलं, तिथंच झोपली का काय. ऊठ, लुगडं झटक. आयक, मी बसल्या बसल्या इचार केला. आता घरात कुत्रं नाई. माहा सुधाकर तिकडं सिरोंच्याले. तू एकटी, त्या उजाड लेआउटात, अन् संग एवढंसं लेकरू. काई झालं त? गुड्डीले मी उद्या कारंज्याले घेऊन जातो. माह्या भावाचं भरलं घर हाय, दहा मानसं हायत पाहाले.

कुंदा : किती दिवस?

आनंदाबाई : पाहू. मोठी होऊ दे थोडी.

कुंदा : आई, नको ना. मी दुसरं कुत्रं...

आनंदाबाई : दुसरं? कोन देईन तुले?

चंद्रभान : मी नाई देत.

कुंदा : मग... रिक्षापर्यंत तरी मी घेते तिला. द्या ना माझ्याकडे. गुड्डी, ये.

आनंदाबाई : थांब, थांब. आधी हात धू.