भोक असलेला बिल्ला

माझ्या जुन्या बिल्ल्यांच्या नादाला तुम्ही हसता ना, मग हे ऐकाच. कुठल्याशा जुन्या निवडणुकीतला होडीची खूण असलेला शिशाचा एक बिल्ला माझ्याकडे आहे. असे तीनच सापडलेत, आणि तिन्हींना वर भोक. ते भोक म्हणजे मुंबईच्या एका कारखान्याची खूण, असा चार पानी लेख मी लिहून ठेवला होता.

परवा पनवेलच्या मासळी बाजारात पाकीट काढताना तो बिल्ला गव्हाणच्या हिरामावशीच्या पाटीत पडला. तिने उचलून हातावर तोलला.

"मास्तर, ह्यो तर आमच्या बाबानं वतलेला!"

"तुझे बाबा बिल्ले बनवायचे?"

"नाय वो, जालं पान्यात बुडावं म्हनून त्याला लावायची शिसं वतायचे. बिल्ले एकदाच केले."

"मग हे भोक?"

"उमेदवार पडला. उरलेल्या बिल्ल्यांना बाबानं भोकं पाडली नि जाल्याला बांधले."

माझा कारखाना तिथेच बंद पडला. म्हटलं, "मावशी, आता लेखात तुझ्या बाबांचंच नाव घालतो."

"घाला की. आनि ह्ये पन लिवा, त्या मानसाला मतं नाय गावली, पन त्या जाल्याला जिताडे लय गावले!"