कुंडीवरची बातमी

(हेर्ने शहर, जर्मनी. गिसबर्ट इस्पितळातून फोनवर. त्याची बहीण रोस्विथा आणि तिचा नवरा एवाल्ड त्याच्या घरी, माशांच्या टाकीसमोर.)

गिसबर्ट : टाकीत नळाचं पाणी नाही ना घातलंस? खरं सांग, रोझी.

रोस्विथा : पावसाचंच घातलं. पिंपातलं. गाळून, कोमट करून. पोरांच्या अंघोळीला एवढं केलं नव्हतं मी.

गिसबर्ट : कोमट म्हणजे किती कोमट? नाजूक डिस्कस मासे आहेत ते, साधे गप्पी नव्हेत.

रोस्विथा : तू सांगितलंस तितकं. अरे, आता जरा मला बोलू देशील? एक सांगायचंय.

गिसबर्ट : रात्री दिवा चालू ठेवलास? अंधारात बिथरतात आणि स्वतःचीच अंडी खाऊन टाकतात. दर वेळी खाल्लीत मेल्यांनी.

रोस्विथा : ठेवला. गिसबर्ट, ऐक ना...

गिसबर्ट : आधी माझं ऐक, मग तुझं. इथे बोलायला कोणी नाही. शेजारचा म्हातारा नुसता खोकतो.

रोस्विथा : बरं, बोल बाबा.

गिसबर्ट : डॉक्टरीणबाई परत पोट उघडायचं म्हणतायत. आज येऊन माझं उत्तर घेणार. मी नाही म्हणणार आहे.

रोस्विथा : नाही म्हणजे?

गिसबर्ट : नाही म्हणजे नाही. एकदा फाडलं, शिवलं, पुरे झालं.

रोस्विथा : आणि नाही केलं तर?

गिसबर्ट : तर जितके महिने आहेत तितके. मला एकच बघायचं राहिलंय, त्या जोडीची पिल्लं. एकदा ती झाली की मी मोकळा. थट्टा नाही करत, पडल्या पडल्या तोच विचार असतो डोक्यात. पिल्लं झाली असं तू आत्ता म्हणालीस ना, तर हसत हसत नको म्हणेन त्या बाईंना. हां, बोल. तुझं काय होतं?

रोस्विथा : माझं ना...

एवाल्ड : अगं, सांग की.

गिसबर्ट : एवाल्ड आहे वाटतं. काय म्हणतोय?

रोस्विथा : दारावर कोणीतरी आलंय म्हणतोय. धर जरा, फोन स्वयंपाकघरात ठेवते आणि बघून येते.

एवाल्ड : कोण आलंय दारावर?

रोस्विथा : कोणी नाही. हळू बोल.

एवाल्ड : सकाळपासून नाचतेयस, कधी एकदा त्याला सांगते म्हणून. टाकीतल्या उपड्या कुंडीवर पिल्लांच्या शेपट्या वळवळतायत, आणि ऐन वेळी तोंडाला कुलूप?

रोस्विथा : सांगितलं तर तो ऑपरेशन करून घेणार नाही. पिल्लं झाली की मी मोकळा, म्हणतोय.

एवाल्ड : मोकळा म्हणजे कशाला मोकळा?

रोस्विथा : मरायला. अजून कशाला?

एवाल्ड : पण रोझी, समजा ऑपरेशनच्या टेबलावरून उठलाच नाही तो. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते इथे झालंय, आणि त्याला कळलंच नाही तर?

रोस्विथा : हे माझ्या मनात आलं नसेल असं वाटतं तुला? पण भाऊ आहे तो माझा. मला तो हवाय, एवाल्ड.

एवाल्ड : मग सांगणार काय त्याला?

रोस्विथा : सुचेल काहीतरी. तू आता शिंकूसुद्धा नकोस. ...हं, गिसबर्ट. फोल्कमार होता.

गिसबर्ट : आपल्या मासेवाल्यांच्या क्लबातला फोल्कमार? माझ्या दारात? कशाला?

रोस्विथा : म्हणाला, जोडी मला द्या, मी पिल्लं काढून दाखवतो.

गिसबर्ट : तो? त्याला साधे गप्पी जगवता येत नाहीत.

रोस्विथा : माझ्याशी तर नीट बोलला. मी म्हटलं, विचार करते.

गिसबर्ट : विचार कसला करतेस त्यात?

रोस्विथा : मग काय करू? मला नाही जमत तुझे मासे. नर कोपऱ्यात तोंड काळं करून बसलाय. मादी सारखी त्याच्या अंगावर धावून जाते. पाणीही गढूळ दिसतंय.

गिसबर्ट : गढूळ? फिल्टरचा स्पंज पिळलास का?

रोस्विथा : पिळला. नळाखाली.

गिसबर्ट : नळाखाली. अगं बाई, जीव घेशील त्यांचा. टाकीतल्याच पाण्यात पिळायचा असतो, किती वेळा सांगितलं तुला.

रोस्विथा : सांगितलं असशील, माझ्या डोक्यात नाही राहत. म्हणून तर म्हणते, घेऊन जाऊ दे त्याला. शनिवारी गाडी घेऊन येतोय. तुझ्यामागे हे झेंगट मला कशाला?

गिसबर्ट : माझ्यामागे.

रोस्विथा : तूच म्हणालास ना मघाशी.

गिसबर्ट : उद्या त्याच्याकडे पिल्लं झाली तर क्लबभर सांगत फिरेल, मी काढली म्हणून.

रोस्विथा : फिरू दे. तुला काय त्याचं, तू मोकळा.

गिसबर्ट : टोमणे मारू नकोस. एवाल्डला सांग, त्या माणसाला दारात उभं करायचं नाही.

रोस्विथा : एवाल्डला कशाला मध्ये घालतोस? जोडी तुझी, तू ये.

गिसबर्ट : कसा येऊ? नळ्या लावल्यात मला.

रोस्विथा : ऑपरेशन झालं की काढतात त्या.

गिसबर्ट : पडून पडून अंगाला मुंग्या आल्यात. तिकडे तू स्पंज नळाखाली धुतेस, तो गाडी घेऊन येतोय, आणि मी इथे छताकडे बघत.

रोस्विथा : मग बघत बस छताकडे. नाहीतर हातपाय हलव.

गिसबर्ट : थांब. डॉक्टरीणबाई आल्या वाटतं, बाहेर आवाज येतोय. सांगतो त्यांना, उघडा पोट, पण घरी लवकर सोडा. शनिवारी फोल्कमारला काही द्यायचं नाही. शब्द दे.

रोस्विथा : दिला.

गिसबर्ट : आणि मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस. जसं आहे तसं राहू दे.

रोस्विथा : राहू देते.

गिसबर्ट : तुला काहीतरी सांगायचं होतं ना?

रोस्विथा : विशेष काही नाही रे. घरी आलास की सांगेन.

गिसबर्ट : बरं. ठेवतो.

एवाल्ड : तो फोल्कमार कधी आला होता?

रोस्विथा : वर्षभरात फिरकला नाही.

एवाल्ड : आणि स्पंज?

रोस्विथा : टाकीच्याच पाण्यात पिळला. मी काय खुळी आहे?

एवाल्ड : कमाल आहे बाई तुझी. अगं, आता रडतेस काय? हो म्हणाला ना तो.

रोस्विथा : रडू दे मला जरा. बघ, नर-मादी आळीपाळीनं परांनी पिल्लांना वारा घालतायत. हे त्यानं बघायला हवं होतं रे.

एवाल्ड : घरी येऊन सगळं कळलं ना त्याला, की तुझी धडगत नाही. जन्मभर ऐकवेल.

रोस्विथा : ऐकवू दे.