पत्रिकेतलं पुसट ‘कै.’

खामगावच्या फ्लेक्सच्या दुकानात संजीवनी पापडाच्या लेबलासाठी ताटकळली होती. तिच्या पुढं एक माय आणि तिची नवरी लेक, मोबाइलवर पाठवायची लग्नपत्रिका दुकानातल्या पोराकडून करून घेत होत्या. संजीवनीचे डोळे हातातल्या कागदावर होते, कान मात्र तिकडंच.

"काकू, सारे नावं सोनेरी न् उठावदार केले. काकाच्या नावाआधी कै. लावू नं?"

"काऊन लावतं? चार वर्षांपासून घरून निघून गेले ते. मेले थोडीच!"

"आई, सासरच्याईले आपण बाबा वारले म्हणूनच सांगतलं."

"मंग... तेवढंच पुसट करता येते का रे भाऊ?"

"येते नं. हे पाहा, अर्धं केलं."

"अजून कर."

"आता?"

"अजून."

"काकू, शून्य झालं. दिसत नाई, पण हाये तिथं."

"हाये का नाई, एक काय ते सांग बाप्पा!"

"आई, दिसलंच नाई त सासरचे काय वाचतीन?"

"न् पत्रिका फिरत फिरत तुह्या बाबाच्या मोबाइलवर गेली, त ते काय वाचतीन?"

"काकू, ठेवू का काढू?"

"काढ. न् खाली मांडवाचा पत्ता मोठा कर."