बोटीला ऊब हवी

हार्लिंगेन बंदराजवळच्या बेकरीत रांगेत पुढे उभ्या जोडप्याचं बोलणं गीस्के ऐकत होती, पण त्यांचं काय ठरतंय याचा तिला पत्ताच लागेना.

“नीनके, यंदा हिवाळ्यात बोट सिसिलीला ठेवू या.”

“काल तर पोर्तुगाल म्हणत होतास!”

“तिथे लाटा आत येतात म्हणे. मग माल्टा?”

“वीब, एक काय ते ठरव! माझं डोकं फिरायची वेळ आली.”

“इथल्या गारठ्यात तिचं लाकूड फुटेल. सिसिलीच बरं. तिथला माणूस दर आठवड्याला बोटीत डोकावतो, दोर तपासतो. हिवाळाभर एकटी पडली, तर खचते गं ती.”

“बरं बाबा, सिसिली. आणि तुझ्या आईचं काय?”

“आईचं काय? ती राहील की इथेच. तिला सवय आहे.”