माळावरचा सरडा

इंदापूरच्या स्टँडवर बावड्याच्या गाडीची वाट बघताना ताईबाईनं मागच्या बाकावरच्या सासू-सुनेकडं कान लावला.

"आत्या, सणसरच्या पोरीच्या घरनं लग्नाला अजून होकार न्हाय. आपला इंद्रजित नीट जेवंना झालाय. आपणच फोन लावू का?"

"गप बस. आपल्या माळावरचा सरडा बघितलास का? गळ्याखालचा निळा पंखा फुलवून दगडावर मिरवतो, पण मुंगळ्याच्या मागं पळत न्हाय."

"मग खातो काय, ऊन?"

"दम खातो. मुंगळा टप्प्यात आला, की गपकन तोंडात."

"आन् न्हायच आला तर?"

"येतोय. त्याची वाट त्याच दगडाखालनं जाती."

तेवढ्यात सुनेच्या पिशवीत फोन वाजला.

"आत्या, सणसरचाच हाय. जरा वाजू द्यायचा का?"

दुसरी रिंग व्हायच्या आत म्हातारीनं फोन हिसकावून कानाला लावला.

"बोला व्याही, सुपारी फोडायला कधी येताय?"