मंगळवारची फवारणी

अंबा : हात काय धरतेस गं? तोडू दे. एवढी टोपली भरली की झालं. रविवारी माझ्या पोटुशी लेकीचं, हरिणीचं वळैकाप्पू, चाळीस माणसं जेवायला. तिची सासू म्हणाली, बांगड्या आम्ही भरतो, रसवांगी मात्र तुमच्या मळ्यातल्या वांग्यांचीच पाहिजे.

विनुता : अंबाक्का, टोपली खाली ठेवा. ही वांगी तोडायची नाहीत.

अंबा : का? उद्या तुझे शेतकी ऑफिसातले साहेब बघायला येणार म्हणून? त्यांना दाखवण्यापुरती झाडावर ठेवते की. पान उलटून बघ तरी. सोमवारी या पानांच्या पाठीला ती लाल कोळीची कीड नुसती बुजबुजली होती, जाळी धरली होती. आता तुझं भिंग लावलं तरी एक दिसत नाही. तू सोडलेल्या चांगल्या कोळ्यांनी फडशा पाडला त्यांचा.

विनुता : त्यांनी नाही पाडला.

अंबा : मग कोणी?

विनुता : मी औषध मारलं. मंगळवारी सकाळी.

अंबा : कसलं? कडुनिंबाचं?

विनुता : नाही. बाटलीतलं.

अंबा : मंगळवारी मी इथे नव्हते. कुंभकोणमला गेले होते, हरिणीकडे.

विनुता : माहीत होतं मला. म्हणूनच मंगळवार धरला.

अंबा : थांब. मला बसू दे. हां. आता सांग, मला कळेल असं.

विनुता : घेवड्याच्या पानांवर वाढवलेले ते चांगले कोळी मी पाकिटांतून तुमच्याकडे आणले, तेव्हाच उशीर झाला होता. लाल कोळी थोडा असतानाच ते सोडायचे असतात. आमच्याकडे पैदास कमी पडली, दहा दिवस वाया गेले, तोवर इथे जाळी धरली. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की आता हे यांना आवरायचं नाही, कडेच्या चार सऱ्या उपटून टाकू. ते नाही म्हटलं. म्हटलं, अक्का, आठवडाभर थांबा.

अंबा : आणि मी थांबले. शेजारच्या मळ्यातला रामस्वामी रोज बांधावर येऊन हसायचा, अम्मा किड्यांकडून किडे मारवतेय म्हणून. मी त्याला म्हणायचे, आमची विनुता शिकलेली आहे, तू गप बस.

विनुता : सोमवारी मी मोजलं. एका पानावर साठ लाल आणि आपला एक. आधीच्या दोन गावांत जमलं नव्हतं. इथेही फसलं तर साहेब हा प्रयोगच बंद करणार होते. मग मी ऑफिसातला पंप मोपेडला बांधला आणि...

अंबा : या घरात औषधाची बाटली का येत नाही, ठाऊक होतं ना तुला?

विनुता : होतं.

अंबा : मग बोल. का येत नाही?

विनुता : रघुपतीअण्णा फवारताना विष चढून पडले होते म्हणून.

अंबा : आमचे हे कालव्यात तोंड घालून पडले होते. मी पाय धरून ओढलं त्यांना. अजून कॉफीचा पेला दोन हातांनी धरावा लागतो. हे सगळं तुला इथे बसूनच सांगितलं होतं मी. तेव्हा डोळे पुसलेस तू.

विनुता : खोटे नव्हते पुसले, अक्का.

अंबा : ते राहू दे. मारल्यावर किती दिवस तोडायचं नाही?

विनुता : सात. मला वाटलं, वांगी बारकी आहेत, तुम्ही पुढच्या बुधवारपर्यंत हात लावणार नाही. आज इथे येऊन बघते तर तुमच्या हातात टोपली.

अंबा : मी या बुधवारीच तोडली.

विनुता : काय?

अंबा : कोवळी बघून दोन किलो. बसच्या कंडक्टरजवळ देऊन हरिणीला पाठवली. म्हटलं, पोटुशीने खायला याहून शुद्ध काय मिळणार. गावातल्या सात घरांतही दिली. प्रत्येक दारात उभी राहून सांगितलं, बिनविषाची आहेत.

विनुता : अक्का, मी...

अंबा : पाया पडू नकोस. फोन काढ. हरिणीला लाव, आणि मोठ्याने ऐकू येईल असा ठेव.

हरिणी : हलो, कोण?

अंबा : मी अम्मा. बुधवारची वांगी खाल्लीस?

हरिणी : खाल्ली की, त्याच दिवशी. मी आणि सासूबाईंनी. सूपर होती. का गं?

अंबा : उलटी? चक्कर? पोटात काही वाटतंय?

हरिणी : काही नाही. अम्मा, तुझा आवाज असा का येतोय? तू त्याच्यावर काही मारलंस?

विनुता : त्यांनी नाही, हरिणी. मी मारलं. मी विनुता. त्यांना न सांगता मारलं, मंगळवारी.

हरिणी : तुम्ही? अम्माने तुमचा फोटो पाठवला होता मला. हातात ती पानांची पाकिटं.

विनुता : हो. तीच मी.

हरिणी : बरं. आता रडू नका. रडून मला काय उपयोग? डॉक्टर नाव विचारतील. बाटलीचा फोटो पाठवा, आत्ताच. किती पाण्यात किती घातलं तेही लिहा. आणि खरं लिहा.

विनुता : खरंच लिहिते.

(दोन तासांनी, त्याच बांधावर. फोन पुन्हा वाजला आहे.)

हरिणी : अम्मा, दाखवून आले. दोघींना तपासलं. बाळाचे ठोके नीट आहेत. डॉक्टर म्हणाल्या, घाबरू नका, सोमवारी परत या.

अंबा : देवाने राखलं गं.

हरिणी : रविवारी रसवांगी नको, अम्मा. भोपळ्याचं काहीतरी करू. ठेवते.

विनुता : उद्या साहेब आले की मी सांगते. लिहून देते.

अंबा : काढतील तुला.

विनुता : काढू देत.

अंबा : आणि ते तुझे चांगले कोळी?

विनुता : तेही मेले. सगळी पानं पाहिली मी. वेळेवर सोडले असते तर त्यांनी काम केलं असतं, अक्का. ते काही थोतांड नव्हतं.

अंबा : त्याचीच तर जास्त लाज वाटते. खरं होतं ते, तू त्याचं खोटं केलंस. मीही कमी नाही म्हणा. देवळात चार बायकांपुढे मिरवून घेतलं. ती टोपली खड्ड्यात उपडी कर, माती लोट वर आणि चल.

विनुता : कुठे?

अंबा : सात घरं आहेत.

विनुता : मी एकटी जाते. तुम्ही का मान खाली घालायची?

अंबा : वांगी माझ्या हातून गेलीत. मी शेजारी उभी राहीन. बोलायचं मात्र तू.

विनुता : आधी कोणाकडे?

अंबा : धनलक्ष्मीकडे. हे काय, बांधापलीकडचं समोरचंच दार. मार हाक.

विनुता : अक्का, काय सांगू?

अंबा : मला सांगितलंस तेच. पण तमिळमध्ये सांग. आपल्या मराठीत सांगितलंस, तर इथे ते मला एकटीलाच कळेल.